आधी छर्रा, मग बंदूक

"पोलादाच्या छर्र्यात दम नाही." शॉटगनने, म्हणजे एका बारात छर्र्यांचा थवा फेकणाऱ्या बंदुकीने, बदकांची शिकार करणाऱ्यांमध्ये हे वाक्य गेली तीस-पस्तीस वर्षं फिरतं आहे. १९९१ साली अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्र्यांवर देशभर बंदी आणली आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून युरोपीय संघाने पाणथळ जागांसाठी तीच बंदी लागू केली. शिशाच्या जागी पोलादी छर्रे आले, आणि दर वेळी तक्रार एकच. मला तिचा राग येत नाही, कारण तिच्यातलं अर्धं भौतिकशास्त्र बरोबर आहे. उरलेलं अर्धं मात्र कुणी सांगत नाही. मग माणसं नको ते काडतूस आणि नको तो चोक (नळीचं आवळलेलं तोंड) घेऊन तळ्यावर जातात, आणि जखमी बदक हाताला न लागता दूर लव्हाळ्यात जाऊन मरतं. शिकार करायचीच असेल तर पक्षी जागेवर पडला पाहिजे. त्यासाठी निवडीची सुरुवात बंदुकीपासून न करता छर्र्यापासून केली पाहिजे.

बंदी का आली ते आधी पाहू. बदकाला दात नसतात. गिळलेलं धान्य दळण्यासाठी त्याच्या पोटात पेषणी नावाची जाड स्नायूंची पिशवी असते, आणि तिला जात्याच्या दगडासारखं काहीतरी लागतं म्हणून बदक तळ्यातले बारीक खडे गिळतं. चिखलात पडलेला तीन मिलिमीटरचा छर्रा आणि तेवढाच खडा यांत त्याला फरक कळत नाही. पेषणीत छर्रा घासला जातो, पोटातल्या आम्लात विरघळतो आणि शिसं रक्तात उतरतं. शरीर त्याला कॅल्शियमसारखं वागवतं. हिमोग्लोबिन बनवणारी विकरं बंद पडतात, पचनमार्गाचे स्नायू लुळे होतात आणि पोटात अन्न असतानाही बदक उपासमारीने मरतं. त्याला एखादा छर्राही पुरतो. अमेरिकी निसर्गअभ्यासक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी हे १८९४ मध्येच लिहून ठेवलं होतं. १९५९ मध्ये अमेरिकी वन्यजीवशास्त्रज्ञ फ्रँक बेलरोझ यांनी अंदाज मांडला, की उत्तर अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के दर वर्षी अशा विषबाधेने मरत असावेत. बंदीनंतरचा हिशेबही झाला आहे. १९९७ च्या शरद ऋतूत स्थलांतराला निघालेल्या सुमारे नऊ कोटी बदकांपैकी चौदा लाख बदकं या एका बदलामुळे वाचली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मेलेली बदकं खाऊन मरणारे गरुड यात धरलेले नाहीत.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो.

शिशाची घनता दर घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, लोखंडाची ७.९. बाजारात ज्याला पोलादी छर्रा म्हणतात तो मुळात मऊ लोखंडाचाच असतो. म्हणजे तेवढ्याच आकाराचा छर्रा सुमारे तीस टक्क्यांनी हलका झाला. आता तो नळीबाहेर पडतानाचा क्षण डोळ्यांसमोर आणा. वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर, ध्वनीपेक्षा जास्त. या वेगाला ३.३ मिलिमीटरच्या शिशाच्या छर्र्याला हवा ज्या बलाने मागे रेटते, ते त्याच्या स्वतःच्या वजनाच्या तीनशेपटीहून अधिक असतं. तीस-चाळीस मीटरच्या अंतरात गुरुत्वाकर्षणाची काळजी करण्याचं कारण नाही. खरी झुंज हवेशी आहे.

छर्रा गोल असतो आणि नळी आतून गुळगुळीत. रायफलच्या गोळीसारखं टोक नाही, फिरकी नाही. त्यामुळे गणित फार देखणं होतं. हवेचा रोध छर्र्याच्या समोरच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणजे व्यासाच्या वर्गावर. छर्र्याचं वस्तुमान ठरतं व्यासाच्या घनावर आणि घनतेवर. एकाला दुसऱ्याने भागलं की उरतं ते असं: छर्रा किती झपाट्याने मंदावेल हे व्यास गुणिले घनता या एकाच आकड्याच्या व्यस्त प्रमाणात असतं. या गुणाकाराला मी छर्र्याचा चिवटपणा म्हणतो. तो जितका मोठा, तितका छर्रा वेग धरून ठेवतो.

अमेरिकी क्रमांकांत छर्र्याचा व्यास काढायची एक सोपी युक्ती आहे. १७ मधून क्रमांक वजा करा, उत्तर इंचाच्या शतांशांत मिळतं. चार नंबरचा छर्रा ०.१३ इंच, म्हणजे ३.३ मिमी. शिशाच्या चार नंबरचा चिवटपणा ३.३ गुणिले ११.३, म्हणजे ३७. त्याच आकाराच्या लोखंडाचा फक्त २६. तक्रारीतलं बरोबर असलेलं अर्धं ते हेच. त्यावर शिकाऱ्यांनी अनुभवातून नियम काढला: पोलाद घेताना छर्रा दोन क्रमांकांनी मोठा घ्या, म्हणजे चारऐवजी दोन नंबरचा. लोखंडाचा दोन नंबर ३.८ मिमीचा आणि ०.२३ ग्रॅमचा, शिशाचा चार नंबर ०.२१ ग्रॅमचा. वजनाला नियम चोख बसतो. पण चिवटपणा मोजला तर तो ३० वरच थांबतो, कारण तेवढंच वजन आता मोठं तोंड घेऊन हवेला सामोरं जातं. शिशाच्या ३७ च्या जवळ जायचं तर ४.५७ मिमीचा, बीबी नावाने विकला जाणारा छर्रा लागतो. त्याचा आकडा ३६. पण तो इतका मोठा, की काडतुसात छर्रे फार कमी बसतात.

आणि टंगस्टन? त्याच्या दाट मिश्रधातूची घनता सुमारे १८. नऊ नंबरचा, जेमतेम दोन मिलिमीटरचा बारीक छर्रा घ्या: २.०३ गुणिले १८, पुन्हा ३७! बाजरीएवढा कण शिशाच्या चार नंबरइतका वेग टिकवतो. शिशाचे पाच छर्रे एका ग्रॅमला भारी होतात, तिथे याचे बारा येतात. पहिल्यांदा हा आकडा कागदावर उतरला तेव्हा मी तो तीनदा तपासला होता. टंगस्टनचा अडथळा किमतीचा आहे, भौतिकशास्त्राचा नाही.

हाच गुणाकार दुसऱ्यांदा भेटतो तो पक्ष्याच्या पिसांपाशी. छर्रा किती खोल शिरेल हे त्याची गतिज ऊर्जा भागिले समोरचं क्षेत्रफळ यावर बरंचसं अवलंबून असतं. तो भागाकार सोडवला की व्यास, घनता आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार उरतो. म्हणजे चिवट छर्रा वेग राखतो आणि राखलेल्या वेगाने खोलही जातो.

मग छर्रा जोरात फेकून उणीव भरून काढता येईल का? जाहिराती तेच सांगतात, आणि इथे सावध राहावं. रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे छर्रा दर मीटरला ठराविक मीटर प्रति सेकंद गमावत नाही, तर असलेल्या वेगाचा ठराविक हिस्सा गमावतो. आलेख घातांकी उताराचा येतो. ध्वनिवेगाच्या वर तर रोधाचा गुणांकच मोठा असतो, त्यामुळे सुरुवातीचा उतार आणखी तीव्र. लोखंडाचा दोन नंबर तीस-पस्तीस मीटरमध्ये निम्मा वेग हवेला देऊन बसतो. सुरुवातीला सेकंदाला ३० मीटर जास्त मिळवले, तरी त्या अंतरावर त्यातले पंधराही उरत नाहीत. खांद्याला बसणारा धक्का मात्र पूर्ण वाढलेला असतो. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग हा नळीच्या तोंडाशीचा असतो. बदक तिथे नसतं.

तर मग पोलादात दम आहे की नाही? टेक्सास राज्याच्या वन्यजीव खात्याने होल्यांच्या शिकारीत काडतुसात शिसं आहे की पोलाद हे शिकाऱ्यांना कळू न देता चाचणी घेतली. पडलेल्या पक्ष्यांच्या संख्येत अर्थपूर्ण फरक निघाला नाही. बदक होल्यापेक्षा मोठं आणि दाट पिसांचं, हे मान्य. पण छर्रा योग्य निवडला आणि अंतर पस्तीस मीटरच्या आत ठेवलं तर धातूला दोष देण्यासारखं फारसं उरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

छर्रा ठरला की बंदुकीचे निर्णय सोपे होतात. पहिला चोकचा. नळीचं तोंड किंचित अरुंद केलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. फुल चोकमध्ये नळी सुमारे एक मिलिमीटरने आवळते, मॉडिफाइडमध्ये त्याच्या निम्मी, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमध्ये पाव. जुनं माप असं: चाळीस यार्डांवर, म्हणजे ३६.५ मीटरवर, तीस इंची वर्तुळात फुल चोक सत्तर टक्के छर्रे बसवतो, मॉडिफाइड साठ, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर पन्नास. पण हे शिशाचे आकडे. शिसं मऊ, काडतूस फुटताना मागचे छर्रे पुढच्यांना दाबून चपटे करतात, आणि चपटा छर्रा भलतीकडे जातो. लोखंड चपटत नाही, म्हणून त्याचा थवा आपोआप घट्ट राहतो. मॉडिफाइड चोक शिशाच्या फुलसारखा वागू लागतो. पोलादाला इम्प्रूव्ह्ड सिलिंडर किंवा मॉडिफाइड पुरतो. फुल चोकमधून कठीण, मोठे छर्रे दामटले तर नळीचं तोंड फुगू शकतं. वाडवडिलांची पातळ नळीची जुनी बंदूक असेल तर तिच्यात पोलाद घालूच नये. तिच्यासाठी बिस्मथ आहे: घनता साडेनऊच्या वर, शिशासारखा नळीला सौम्य आणि बिनविषारी.

दुसरा निर्णय बोअरचा. १२ बोअर म्हणजे काय? नळीत बरोबर बसेल असा शिशाचा गोळा घेतला, तर असे बारा गोळे मिळून एक पौंड. शाळेतल्या गोलाच्या सूत्रात घालून पाहा, व्यास १८.५ मिमी येतो. २० बोअरचा १५.६. मोठा पोलादी छर्रा जागा खातो, म्हणून बदकांसाठी १२ बोअर आणि तीन इंची काडतूस ही समंजस निवड. साडेतीन इंची काडतूस १९८८ मध्ये पोलादासाठीच आलं. त्याने छर्रे वाढतात आणि धक्काही वाढतो. संवेगाच्या अक्षय्यतेपुढे कुणाचं चालत नाही. गॅसवर चालणारी अर्धस्वयंचलित बंदूक धक्का कमी करत नाही, तो थोडा लांबवते, म्हणून खांद्याला सुसह्य वाटतो. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, म्हणून काडतुसं भरायच्या नळकांड्यात अडसर घालावा लागतो.

लांब नळी लांब मारते, हा गैरसमज काळ्या दारूच्या काळातून आला आहे. आजची दारू नळीच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण भागातच जळून जाते. दोन इंच जास्तीने वेगात जेमतेम टक्काभर फरक पडतो. लांब नळीचा उपयोग वेगळा: ती जड असते आणि पक्ष्याबरोबर एका लयीत फिरते. हे महत्त्वाचं आहे, कारण सेकंदाला २० मीटर वेगाने आडवं जाणारं बदक पस्तीस मीटरवर असेल, तर छर्रे तिथे पोचेपर्यंत ते दोन मीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. फिरती नळी थांबली की नेम मागे पडतो.

बाकी सामानाबद्दल थोडक्यात. मॅलार्डसारख्या बदकाला मान न वळवता जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं आणि रंग आपल्यापेक्षा जास्त कळतात; कपडे चमक आणणाऱ्या साबणात धुऊ नयेत, पण त्याहून मोलाचं म्हणजे हलू नये. कानांत बोळे हवेतच, शॉटगनचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. आणि पाण्यात उतरताना घालायचे छातीपर्यंतचे रबरी वेडर्स पाण्याने भरले की माणसाला तळाशी ओढतात, ही भीती खोटी आहे. पाण्यात पाण्याला वजन नसतं, आर्किमिडीजला विचारा. धोका थंडीचा: पाणी हवेच्या वीस-पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं, हातपाय काही मिनिटांत निकामी होतात, आणि काठावर चढताना आतलं पाणी खरोखरच जड होतं. म्हणून वेडर्सवर कमरेचा पट्टा घट्ट आणि अंगावर तरंगजॅकेट.

सगळं घेऊन झाल्यावर एक दिवस तळ्याऐवजी मोकळ्या, सुरक्षित चाचणी मैदानावर घालवावा. मोठा कागद ताणून लावायचा, तळ्यावर जेवढ्या अंतरावरून बार टाकणार तेवढं अंतर टेपने मोजायचं आणि एक बार टाकायचा. सर्वांत दाट जागेभोवती ७६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढून भोकं मोजायची. सव्वा औंस दोन नंबर पोलादात सुमारे १५६ छर्रे असतात. वर्तुळात निम्मेही नसतील तर चोक बदलायचा, नवा कागद लावायचा आणि पुन्हा मोजायचं.