दोन ट्रान्झिस्टर, एक बिट : घरगुती मेमरीची पार्श्वभूमी

बीसी ५४७ सारखे सुटे ट्रान्झिस्टर (विजेने चालू-बंद होणारे छोटे स्विच) ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता भाग जोडायच्या छिद्रांच्या पट्टीवर, लावून एक-दोन बाइटची (एक बाइट म्हणजे आठ बिट, बिट म्हणजे ० किंवा १) मेमरी बनवणाऱ्याला हमखास वाटते की आपण संगणकाच्या इतिहासातली पहिली पायरी पुन्हा चढतो आहोत. इतिहास तसा घडलेला नाही. संगणकाची मुख्य मेमरी सुट्या ट्रान्झिस्टरांची बनवण्याचा जमाना जवळजवळ आलाच नाही. ट्रान्झिस्टर संगणकात शिरला तो हिशेब करायला. लक्षात ठेवण्याचे मोठे काम त्याच्याकडे सर्वांत शेवटी आले, आणि तोवर तो सुटा राहिला नव्हता.

एक बिट लक्षात ठेवणारे दोन भागांचे सर्किट, म्हणजेच फ्लिप-फ्लॉप, मात्र ट्रान्झिस्टरपेक्षा बरेच जुने आहे. विल्यम एक्लिस आणि एफ. डब्ल्यू. जॉर्डन या इंग्लंडमधल्या दोघांनी २१ जून १९१८ रोजी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या निर्वात नळ्या), पहिल्याचे आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला आणि दुसऱ्याचे पहिल्याच्या. त्यांना हवा होता तो हलणारे भाग नसलेला रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. संगणक त्यांच्या डोक्यात असण्याचे कारणच नव्हते. त्याच सुमारास फ्रान्समध्ये अब्राहम आणि ब्लॉक यांनी असेच एकमेकांत अडकवलेले दोन व्हॉल्व्ह घेतले, पण मधली जोडणी कपॅसिटरने (विद्युतभार साठवणाऱ्या भागाने) केली. तो मल्टिव्हायब्रेटर. गणपतीच्या मखरात दोन एलईडी आळीपाळीने मिचकावणारे सर्किट ज्याने कधी जोडले आहे, त्याने अब्राहम-ब्लॉक यांचेच सर्किट जोडले आहे. त्यातले दोन कपॅसिटर काढून जागी रेझिस्टर बसवले, आणि बेसला थेट पुरवठ्याशी जोडणारे दोन रेझिस्टर काढले, की मिचकावणे थांबते आणि आठवण सुरू होते. डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत अस्टेबल (मिचकावणारे) आणि बायस्टेबल (आठवण ठेवणारे) सर्किट लागोपाठ का करून घेतात, ते इथे कळते.

आठवण राहते ती कशी? ट्रान्झिस्टरच्या पायांपैकी बेस हा इथे इनपुटचा आणि कलेक्टर हा आउटपुटचा. सुरू असलेल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर जेमतेम ०.२ व्होल्ट असतो. दुसऱ्याचा बेस जागा व्हायला ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतो. म्हणून दुसरा बंद राहतो. तो बंद असल्याने त्याचा कलेक्टर वर असतो आणि तिथून १० ते ४७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पहिल्याच्या बेसला करंट मिळत राहतो. एक जागा राहून दुसऱ्याला झोपवून ठेवतो, एवढेच. सुरू असलेल्याचा बेस क्षणभर ग्राउंडला टेकवला की भूमिका उलटतात, आणि तार काढली तरी तशाच राहतात. वीज नुकतीच चालू केली असताना कोणता जागा होईल हे दोन ट्रान्झिस्टरांमधला बारीक फरक ठरवतो. त्यामुळे नव्याने जोडलेल्या मेमरीत सुरुवातीला काहीतरी अर्थहीन भरलेले दिसते. ते बिघाडाचे लक्षण नव्हे.

या सर्किटला पहिले मोठे काम मिळाले ते मोजणीचे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये विन-विल्यम्स यांनी थायराट्रॉन नावाच्या वायुभरित नलिका वापरून किरणोत्सर्गातले कण दोन-दोनने मोजणारा काउंटर बांधला. पुढे १९४५ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या एनिअॅक संगणकाने फ्लिप-फ्लॉपचीच मेमरी वापरली, आणि तिचा खर्चही दाखवून दिला. यंत्रात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह, पण हिशेब चालू असताना बदलता येतील अशा दहा-दहा अंकी संख्या फक्त २०. एकेका अंकासाठी दहा फ्लिप-फ्लॉपची साखळी होती.

हे परवडणारे नव्हते, म्हणून पुढची वीसेक वर्षे अभियंत्यांनी आठवण जमेल तिथे कोंबली : पाऱ्याच्या नळीतून धावणाऱ्या ध्वनिलहरींत, फिरत्या चुंबकीय ड्रमवर, टीव्हीसारख्या नळीच्या पडद्यावरच्या विद्युतभारात. मँचेस्टरच्या ‘बेबी’ या संगणकाने २१ जून १९४८ रोजी पहिला प्रोग्रॅम चालवला तो अशा पडद्यावर साठवलेल्या ३२ बिटांच्या ३२ शब्दांतून. एक्लिस-जॉर्डन यांच्या अर्जाला त्या दिवशी बरोबर तीस वर्षे झाली होती. हा निव्वळ योगायोग, पण नोंदवण्याजोगा.

ट्रान्झिस्टर तोवर जन्मला होता, डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये. तरीही १९५३ साली मँचेस्टरमध्येच ट्रान्झिस्टर संगणक उभा राहिला तेव्हा त्यात होते ९२ ट्रान्झिस्टर आणि ५५० डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारे भाग), आणि मुख्य मेमरी होती ड्रमवर. कारण किंमत. त्याच वर्षी रेथिऑन कंपनीने हौशी लोकांसाठी बाजारात आणलेला सीके ७२२ साडेसात डॉलरहून महाग होता. एका बिटाला असे निदान दोन लागणार, शिवाय रेझिस्टर आणि बाकीची जोडाजोड. त्याच सुमारास एमआयटीच्या व्हर्लविंड यंत्रात बसलेली फेराइट कोअर मेमरी (चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची) सुरुवातीला बिटामागे साधारण एक डॉलर पडत असे, आणि १९७० पर्यंत ती एका सेंटच्या आसपास आली. वीज गेली तरी कोअर विसरत नाही, हा वरचा फायदा. सीके ७२२ तीन वर्षांत एका डॉलरखाली उतरला खरा, पण या शर्यतीत सुटा ट्रान्झिस्टर टिकणे शक्य नव्हते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला आणि १९६० मध्ये सुरू झालेला टिफ्रॅक हा याच हिशेबाचा नमुना : हिशेबासाठी २,७०० व्हॉल्व्ह, मेमरी मात्र फेराइट कोअरची, ४० बिटांचे २,०४८ शब्द. हेच शब्द फ्लिप-फ्लॉपमध्ये ठेवायचे तर ८० हजारांहून जास्त जोड्या लागल्या असत्या.

कोअरला हरवले ते चिपने. इंटेलची पहिली विक्रीची चिप, १९६९ ची ३१०१, ही ६४ बिटांची मेमरीच होती आणि तिच्या पोटात एक्लिस-जॉर्डन यांचेच सर्किट होते. दुसरा रस्ता आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये सुचवला : एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. भार गळून जायच्या आत तो वाचून पुन्हा भरायचा. यालाही पूर्वज आहे. अटानासॉफ आणि बेरी यांच्या १९४२ पर्यंत चाललेल्या यंत्रात १,६०० कपॅसिटरचा एक असे दोन ड्रम सेकंदाला एक फेरी घेत, आणि दर फेरीला भार ताजा केला जाई. १९७० मध्ये आलेल्या इंटेलच्या ११०३ मध्ये १,०२४ बिट होते, दर बिटाला तीन ट्रान्झिस्टर, आणि दर दोन मिलिसेकंदांनी उजळणी. कोअरचे दिवस तिथून भरत आले.

घरी संगणक बांधणारे त्याआधीच होते. १९६६ मध्ये अमेरिकेत स्टीफन ग्रे यांनी अॅमॅच्युअर कॉम्प्युटर सोसायटी काढली. गेट (तर्काची छोटी सर्किटे) आणि काउंटर जमवणे एक वेळ सोपे होते, मेमरी परवडणे अवघड. आज उलट झाले आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत ट्रान्झिस्टर एक-दोन रुपयांना मिळतो, आणि १९५३ साली वेडेपणा ठरला असता तो प्रकार सुट्टीतला उद्योग झाला आहे.

या हौसेचा कळस म्हणजे केंब्रिजच्या जेम्स न्यूमन यांचा मेगाप्रोसेसर, २०१६ मध्ये पूर्ण झालेला, सुमारे दहा मीटर लांब. त्यात ४२ हजारांहून जास्त ट्रान्झिस्टर आहेत, त्यांतले २७ हजार फक्त २५६ बाइटच्या मेमरीत. भागाकार केला तर बिटामागे तेरा पडतात. दोन लक्षात ठेवायला, आणि बाकीचे ही ओळ निवडली का, लिहायचे की वाचायचे, हे ठरवायला. पहिल्यांदा बांधणारा नेमका इथे अडतो. फ्लिप-फ्लॉप पंधरा मिनिटांत चालतो, पण आठ फ्लिप-फ्लॉप एकाच तारेवर न भांडता बोलायला लावणे हे खरे काम. विजेचे गणितही आधी करावे : ५ व्होल्टवर एक किलोओहमचा लोड म्हणजे बिटाला ५ मिलिअँपिअर, अखंड. ६४ बिटांना ०.३ अँपिअर, मोबाइलच्या चार्जरवर भागेल. हजार बिटांना ५ अँपिअर, तिथे मोठा पॉवर सप्लाय लागतो.

डेनार्ड यांची युक्ती सुट्या भागांत करून पाहायची असेल तर एक गोची आहे. मॉसफेट या प्रकारच्या ट्रान्झिस्टरमध्ये करंट सोर्स आणि ड्रेन या दोन टोकांमध्ये वाहतो. चिपमधल्या मॉसफेटचा बॉडी, म्हणजे खालचा सिलिकॉनचा थर, वेगळा जोडलेला असतो. बाजारातल्या २एन७००० मध्ये तो आतच सोर्सला जोडलेला असतो, त्यामुळे सोर्सपासून ड्रेनकडे एक डायोड कायम हजर. मॉसफेट कसाही फिरवून लावा, बंद असतानाही एका दिशेने करंट जातोच : कपॅसिटर एकतर नको तेव्हा रिकामा होतो किंवा नको तेव्हा भरतो. उपाय म्हणजे दोन मॉसफेट सोर्सला सोर्स जोडून पाठीला पाठ लावणे. म्हणजे चिपमध्ये एका ट्रान्झिस्टरवर भागणारा बिट घरी पुन्हा दोनांवर येतो, आणि वर उजळणीचे सर्किट वेगळे.