हॉर्नेट शर्यत

हॉर्नेट शर्यत : मातीच्या लंबगोल ट्रॅकवर होणारी, चार सिलिंडरच्या जुन्या छोट्या मोटारींची अल्पखर्ची स्थानिक शर्यत. या मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडात हा प्रकार रूढ आहे. त्याला एकच सर्वमान्य नाव नाही. एका गावातला ‘हॉर्नेट’ शेजारच्या गावात ‘फोर सिलिंडर’, ‘स्टिंगर’, ‘ट्यूनर’ किंवा ‘स्पोर्ट कॉम्पॅक्ट’ होतो, आणि ‘मिनी स्टॉक’ या जुन्या नावाखाली काही ट्रॅकवर पुढच्या चाकांनी व मागच्या चाकांनी चालणाऱ्या दोन्ही प्रकारच्या मोटारी एकत्र धावतात. प्रस्तुत नोंदीत हॉर्नेट हे नाव सोयीसाठी घेतले आहे.

नाव : हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. हडसन कंपनीच्या हॉर्नेट मोटारीने १९५१ ते १९५४ या काळात नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यत संघटनेच्या शर्यतींवर वर्चस्व गाजवले (हर्ब टॉमस १९५१ व १९५३, टिम फ्लॉक १९५२ हे विजेते). त्यामुळे वर्गाचे नाव त्या मोटारीवरून आले असावे, असे सहज वाटते. पण ती हडसन सहा सिलिंडरची, सुमारे ५ लिटर इंजिनाची, मागच्या चाकांनी चालणारी अवजड मोटार होती. तिच्यात आणि या वर्गात नावाखेरीज काहीही समान नाही. १९७० नंतरच्या एएमसी हॉर्नेट मोटारीलाही हाच आक्षेप लागू पडतो. सायलेन्सर काढलेले लहान इंजिन अतिवेगाने फिरताना जो बारीक, चिरका गुंजारव करते, त्यावरून हे नाव पडले असणे अधिक संभवनीय आहे. ‘स्टिंगर’ म्हणजे नांगी मारणारा, हे समांतर नावही त्याच दिशेला बोट दाखवते.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील मातीचा लंबगोल ट्रॅक मुळात घोड्यांचा. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या वार्षिक कृषी जत्रेत घोड्यांच्या शर्यती होत आणि त्यासाठी बांधलेला ट्रॅक व प्रेक्षकांच्या पायऱ्या मोटारींना आयत्या मिळाल्या. आपल्याकडे जत्रा आणि बैलगाडा शर्यत यांचे जे नाते आहे, तसेच हे. ७ सप्टेंबर १८९६ रोजी ऱ्होड आयलंड राज्याच्या जत्रेत, क्रॅन्स्टन येथील नॅरॅगॅन्सेट पार्कवर झालेली शर्यत अमेरिकेतील ट्रॅकवरची पहिली मोटारशर्यत समजली जाते. ती रायकर कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीने जिंकली. १० ऑक्टोबर १९०१ रोजी ग्रॉस पॉइंट येथे हेन्री फोर्ड यांनी अलेक्झांडर विंटन यांना हरवले तोही घोड्यांचाच ट्रॅक. जत्रांतील मोटारशर्यतींना नियमात बसवणारी इंटरनॅशनल मोटर कॉन्टेस्ट असोसिएशन (आयएमसीए) १९१५ मध्ये स्थापन झाली. आज तिचे मुख्यालय आयोवा राज्यातील व्हिंटन येथे असून तिच्या मान्यताप्राप्त वर्गांत स्पोर्ट कॉम्पॅक्टचाही समावेश आहे.

पुढच्या चाकांची ओढ लंबगोल ट्रॅकला नवी नव्हती. जे. वॉल्टर ख्रिस्टी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच अशा मोटारी शर्यतीत उतरवल्या होत्या. हॅरी मिलर यांच्या पुढच्या चाकांच्या मोटारीने १९२५ च्या इंडियानापोलिस ५०० या ५०० मैलांच्या प्रसिद्ध शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला, १९३० मध्ये बिली आर्नल्ड यांनी तशाच रचनेच्या मोटारीने ती शर्यत जिंकली आणि १९४७ ते १९४९ अशी सलग तीन वर्षे ब्लू क्राउन स्पेशल मोटारी तेथे पहिल्या आल्या (मॉरी रोझ दोनदा, बिल हॉलंड एकदा). या परंपरेचा उल्लेख हॉर्नेटप्रेमी अभिमानाने करतात. मात्र तो वारसा खऱ्या अर्थाने या वर्गाकडे आला असे म्हणता येत नाही. त्या मोटारी केवळ शर्यतीसाठी घडवलेल्या, महागड्या होत्या आणि इंडियानापोलिसचा पृष्ठभाग मातीचा नव्हता.

उगम : या वर्गाचा उगम दोन तऱ्हांनी मांडता येतो. पहिल्या मांडणीनुसार तो मिनी स्टॉकचा थेट वारस आहे. १९७० च्या दशकात फोर्ड पिंटो व शेव्हरोले व्हेगा या मागच्या चाकांच्या छोट्या मोटारींचे वर्ग सुरू झाले आणि त्या मोटारी संपत गेल्या तसे नियम सैल करून पुढच्या चाकांच्या मोटारी आत घेतल्या गेल्या. दुसऱ्या मांडणीनुसार ट्रॅकचालकांनी, मैदानात मोटारींची संख्या वाढावी म्हणून, सर्वांत खालची पायरी मुद्दाम नव्याने बसवली. काही ट्रॅकवर दोन्ही वर्ग शेजारी शेजारी चालू राहिले, हे दुसऱ्या मांडणीला अनुकूल आहे. तरीही निर्णायक घटक भंगाराचे आवार हाच दिसतो, आणि तो दोन्ही मांडण्यांत बसतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ च्या ऊर्जा कायद्याने मोटारींच्या सरासरी इंधनक्षमतेची किमान मर्यादा घातली, ती १९८५ साठी गॅलनला २७.५ मैल होती. उत्पादक पुढच्या चाकांच्या आडव्या इंजिनाकडे वळले. डॉज ऑम्नी (१९७८), फोर्ड एस्कॉर्ट (१९८१), शेव्हरोले कॅव्हलियर (१९८२) या मोटारी दहा-पंधरा वर्षांनी भंगारात आल्या, तेव्हा स्वस्त शर्यतीसाठी दुसरे काही उरलेच नव्हते. त्यामुळे वर्गाचा प्रसार साधारण १९९० च्या दशकापासून धरणे सयुक्तिक ठरते. पुढे निऑन, सॅटर्न, सनफायर, होंडा सिव्हिक आणि कोबाल्ट यांची भर पडली.

जुन्या मोटारी मिळेनाशा झाल्याचे खापर पुष्कळदा २००९ च्या ‘कॅश फॉर क्लंकर्स’ या सरकारी योजनेवर फोडले जाते. त्या योजनेत सुमारे ६,७७,००० मोटारी मोडीत गेल्या आणि त्यांची इंजिने सोडियम सिलिकेट ओतून कायमची निकामी केली गेली, हे खरे. परंतु योजनेची अट गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी अशी होती. निऑन-सिव्हिकसारख्या काटकसरी मोटारी तीत बसतच नव्हत्या. मोठ्या मोटारींच्या स्थानिक वर्गांना फटका बसला असेल, हॉर्नेटला तितका नाही.

मोटार : भारतीय वाचकाला मूळ फरक ओळखीचा आहे. अँबॅसेडर व कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांनी ढकलली जाई, तर १९८३ ची मारुती ८०० पुढच्या चाकांनी ओढली जाई. मातीवर पहिली रचना सोयीची. मागचा भाग घसरवत, पुढची चाके उलट्या दिशेला धरून वळण घेता येते. दुसरीत इंजिन, गिअरबॉक्स आणि ओढ सगळेच पुढे असते. ट्रॅकवर फक्त डावी वळणे असल्याने भार उजव्या पुढच्या चाकावर एकवटतो, डावे पुढचे चाक हलके होते आणि साध्या डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेमुळे) शक्ती नेमकी त्या हलक्या चाकाकडे जाऊन ते जागीच गरगरते. काही जण डिफरन्शियलचे दाते वेल्डिंगने जोडून टाकतात. मग दोन्ही चाके एकत्र फिरतात, पण मोटार वळायला आणखी नाखूश होते. काही ट्रॅकवर ही युक्ती निषिद्ध आहे.

उपाय मागच्या बाजूला शोधला जातो. मागच्या टायरांत जास्त हवा भरून त्यांची पकड मुद्दाम घटवायची, उजव्या पुढच्या चाकाचा माथा आत कलवायचा आणि वळणाच्या तोंडाशी ॲक्सिलरेटर झटकन सोडायचा. भार पुढे सरकतो, शेपूट उजवीकडे सुटते, मोटारीचे नाक आत येते, आणि त्याच क्षणी पुन्हा पूर्ण ॲक्सिलरेटर. कुंपणाजवळ उभे राहिल्यास डावे मागचे चाक जमिनीपासून वीतभर उचललेले, हवेत संथ फिरताना स्पष्ट दिसते. कुत्रा खांबाशी पाय उचलतो, तशी ती मोटार वळणातून जाते.

बिघाड ठरावीक असतात : उजव्या पुढच्या चाकाचे बेअरिंग, बॉल जॉइंट, एक्सलचे सांधे. इंजिनाचे मरण मात्र बहुधा तेलामुळे येते. इंजिन आडवे असल्याने लांबलचक डाव्या वळणात ऑइल चेंबरमधले तेल एका टोकाला चढते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि बेअरिंगे कोरडी फिरतात. म्हणून अनुभवी लोक नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण लिटर तेल जास्त घालतात. गॅरेजवाल्याला हे ऐकून धक्का बसेल, पण येथे त्याचा उपयोग होतो.

सुरक्षेसाठी काचा, आसने आणि पेट घेणारे सर्व अस्तर काढतात. दारे वेल्डिंगने बंद केली जातात, चालकाभोवती सामान्यतः दीड ते पावणेदोन इंच व्यासाच्या पोलादी नळ्यांचा पिंजरा उभारतात, खिडकीला जाळी बसवतात. दर्शनी काचेच्या जागी चिखलाचे ढेकूळ अडवणारी तारेची जाळी असते. क्रमांक पुष्कळदा घरच्याच ब्रशने रंगवलेला.

ट्रॅक : लांबी बहुधा पाव किंवा तीन अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे ४०० ते ६०० मीटर. पाव मैलाची फेरी १८ सेकंदांत झाली तर सरासरी वेग ताशी सुमारे ८० किमी पडतो. चिकणमातीवर टँकरने पाणी मारून, मोटारी हळू फिरवून ती दाबली जाते. संध्याकाळी ओली व चिकट असलेली हीच माती रात्र चढते तशी काळी, गुळगुळीत होते. त्याबरोबर मोटारींची धावण्याची वाटही बदलते.

नियम : वर्गाची नियमावली वेगापेक्षा खर्चाला लगाम घालण्यासाठी असते. टर्बो नाही, रस्त्यावरचे टायर, मूळ सस्पेन्शन (स्प्रिंगा व धक्काशोषक), पंपावरचे पेट्रोल. होंडाच्या अधिक ताकदीच्या इंजिनांवर अनेक ठिकाणी बंदी किंवा जादा वजनाची अट असते, आणि वाद बहुतेक त्यावरूनच होतात. शर्यतीनंतरच्या तपासणीची परंपरा जुनी आहे. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे, मातीच्याच ट्रॅकवर झालेल्या नॅसकारच्या पहिल्या ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ (कारखान्यातून आलेल्या, फेरफार न केलेल्या मोटारींच्या) शर्यतीत ग्लेन डनअवे पहिले आले. पण मागच्या स्प्रिंगांत फेरफार आढळल्याने ते बाद झाले आणि विजय जिम रोपर यांना मिळाला. मोटारमालक न्यायालयात गेला व हरला. हॉर्नेट वर्गात याच्या जोडीला काही ट्रॅकवर ‘क्लेम’ असतो. ठरलेली रक्कम रोख मोजून प्रतिस्पर्ध्याचे इंजिन किंवा अख्खी मोटार मागता येते. ज्यात जास्त पैसा ओतला, तेच कमी किमतीत हातचे जाण्याची भीती म्हणजे हा नियम.

चालकांत शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत सर्व आढळतात. अनेक ट्रॅकवर पालकांच्या लेखी संमतीने, रस्त्यावरचा परवाना मिळण्याच्या वयाआधीही उतरता येते.

अन्य देश : ब्रिटनमध्ये मूळच्या मिनी मोटारींवर बेतलेला मिनिस्टॉक्स हा मुलांचा वर्ग आहे, परंतु तेथील लंबगोल ट्रॅक बहुतांशी डांबरी आहेत. फिनलंडमधील ‘योकामिएहेनलुओक्का’ (सर्वसामान्यांचा वर्ग) लंबगोल ट्रॅकवर होत नाही, तरी खर्च रोखण्याच्या बाबतीत त्याचे नाते हॉर्नेटशी जवळचे आहे. तेथे शर्यत संपल्यावर कोणत्याही मोटारीसाठी एकाच ठरीव किमतीला मागणी घालता येते. मागण्या अनेक असल्या तर चिठ्ठी टाकतात. विकायला नकार देणाऱ्याला शर्यतीचा परवाना गमवावा लागतो.