मिथक आणि धार्मिक भाषेची अर्थपूर्णता

देव, पूर्वज, विश्वाची उत्पत्ती यांविषयी परंपरेने चालत आलेली, एखाद्या समूहाने पवित्र मानलेली कथा म्हणजे मिथक. अशा कथांमधली, तसेच प्रार्थना, स्तोत्रे आणि गाऱ्हाणी यांतली वाक्ये खरोखर काही सांगतात का, आणि सांगत असतील तर कोणत्या रीतीने, हा धार्मिक भाषेच्या अर्थपूर्णतेचा प्रश्न होय. मूळ ग्रीक शब्द ‘म्यूथॉस’. त्याचा अर्थ बोल, कथन. मराठीत पुराकथा, दैवतकथा हे शब्दही चालतात. ‘मिथक’ हा शब्द रुळला खरा, पण ‘मिथ्या’शी त्याचा नाद जुळतो आणि ऐकणारा आधीच ‘म्हणजे खोटी गोष्ट’ असे धरून बसतो. मिथक खरे की खोटे हे ठरवण्याआधी ते बोलून माणसे काय करत असतात, हे पाहावे लागते.

ठाणे जिल्ह्यातले एक उदाहरण घेऊ. अंबरनाथचे शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतले, पहाट झाली आणि गाभाऱ्यावरचे छप्पर तेवढे राहून गेले, अशी कथा तिथे कोणीही सांगेल. मंदिरातला शिलालेख मात्र शके 982, म्हणजे इ. स. 1060 सांगतो. हा काळ उत्तर कोकणच्या शिलाहारांचा, मुम्मुणी राजाचा. कथेकडे इतिहास म्हणून पाहिले तर प्रश्न तिथेच निकालात निघतो. पण मंडपातून पायऱ्या उतरून खालच्या गाभाऱ्यात गेलेला माणूस मान वर करतो, त्याला उघडे आकाश दिसते आणि तो विचारतो, ‘हे असे का?’ शिलालेखात या प्रश्नाचे उत्तर नाही. कथेत आहे. माणसाच्या हातून न होणारे काम, तेही अपुरेच राहिलेले, असे त्या जागेविषयी ती काही बोलते. एका रात्रीत देऊळ किंवा लेणे उभारणारे पांडव महाराष्ट्रात जागोजागी भेटतात. कालक्रम म्हणून त्यांची किंमत शून्य, पण जागेकडे पाहायची एक रीत म्हणून ते गावोगाव टिकले आहेत.

धार्मिक भाषेला अर्थ असतो का, हा प्रश्न पश्चिमेकडून आला असे समजणाऱ्यांनी वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणारे यास्काचे निरुक्त पाहावे. इसवी सनापूर्वीच्या या ग्रंथात कौत्स नावाच्या आचार्याचा आक्षेप नोंदवला आहे: मंत्र निरर्थक आहेत. त्याची कारणे आजच्या एखाद्या चिकित्सकाने द्यावीत तशी आहेत. एक मंत्र म्हणतो रुद्र एकच आहे, दुसरा म्हणतो रुद्र हजारो आहेत. कुऱ्हाड चालवता चालवता तिलाच म्हणायचे, ‘याला इजा करू नकोस.’ वनस्पतीला म्हणायचे, ‘याचे रक्षण कर.’ यास्काने मुद्द्यांना उत्तरे दिलीच, वर टोलाही हाणला: आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. टोला झकास आहे, पण आक्षेप त्याने संपत नाही. संपला असता तर मीमांसकांना पुढे इतके कष्ट घ्यावे लागले नसते.

मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या आचार्यांनी, वेदवाक्यांत विधी आणि अर्थवाद असा भेद केला. विधी काय करावे ते सांगतो, अर्थवाद त्या कर्माची स्तुती करतो. अर्थवादाचे तीन प्रकार मानले जातात. ‘यूप म्हणजे सूर्य’ हे वाक्य प्रत्यक्षाच्या विरोधात जाते, म्हणून ते गुणवाद: तूप चोपडलेला यज्ञस्तंभ सूर्यासारखा झळाळतो, एवढाच त्याचा भाव. ‘अग्नी हे थंडीवरचे औषध’ हे आधीच ठाऊक असलेले, म्हणून अनुवाद. ‘इंद्राने वृत्रावर वज्र उगारले’ याला ज्ञानाच्या दुसऱ्या कोणत्याही साधनाचा (प्रमाणाचा) ना विरोध ना दुजोरा, म्हणून भूतार्थवाद. मिथके मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्या खणात पडतात. साहित्यशास्त्रातल्या लक्षणेचा, म्हणजे शब्दशः अर्थ जुळत नसेल तेव्हा त्याच्याशी निगडित अर्थ घेण्याच्या रीतीचा, आधारही इथे घेतला जातो. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती’ हे तिचे नेहमीचे उदाहरण. ठाण्यातल्या चेंदणीचा कोळी ‘आम्ही खाडीवर राहतो’ म्हणतो तेव्हा त्याचे घर पाण्यावर तरंगते असे कोणी समजत नाही, तसेच हे. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’च्या शब्दखंडन या सहाव्या प्रकरणात आधी शब्दाचा गौरव केला: तो विसरलेल्याची आठवण करून देतो. मग दाखवले, की जे मुळात विसरलेलेच नाही, तिथे शब्दाला काही कामच उरत नाही.

विसाव्या शतकात कौत्साचा आक्षेप वेगळ्या वेशात परतला. 1920 च्या दशकातल्या व्हिएन्ना मंडळाच्या, म्हणजे विज्ञाननिष्ठ तत्त्वज्ञांच्या गटाच्या, विचारांवर उभे राहून ब्रिटिश तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांनी 1936 मध्ये मांडले, की जे विधान व्याख्येनेच खरे नाही आणि अनुभवाने पडताळताही येत नाही, ते खोटेही नव्हे, निरर्थक. 1950 मध्ये तत्त्वज्ञ अँटनी फ्ल्यू यांनी प्रश्न उलटा केला: काय घडले तर तुम्ही तुमचे विधान मागे घ्याल? हा प्रश्न आपल्याला परका नाही. नवस फळला, तर देव पावला. नाही फळला, तर देव परीक्षा पाहतोय, किंवा आपलीच श्रद्धा कमी पडली. कोणतीही घटना विरोधात जाऊच द्यायची नसेल, तर त्या वाक्याने जगाविषयी नेमके काय सांगितले, असे फ्ल्यूंचे म्हणणे. पडताळणीची कसोटी स्वतःच्याच कसोटीला उतरत नाही, म्हणून ती मागे पडली. फ्ल्यूंचा प्रश्न मात्र अजून बोचतो.

उत्तरे अनेकांनी दिली. तत्त्वज्ञ ब्रेथवेट (1955) यांच्या मते धर्मवाक्य म्हणजे एका रीतीने जगण्याचा निर्धार, आणि सोबतची कथा त्याला बळ देते. ती खरी मानलीच पाहिजे असे नाही. तत्त्वज्ञ विट्गेनश्टाईनच्या उत्तरकालीन विचारांनुसार शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, म्हणून धर्मवाक्याचा अर्थही ते कसे वापरले जाते यात शोधावा लागतो. ख्रिस्ती धर्मचिंतक बुल्टमान यांनी 1941 मध्ये बायबलमधले मिथकाचे कवच सोलून आतला मानवी अर्थ काढावा असे सुचवले. दुसरे ख्रिस्ती धर्मचिंतक टिलिख यांना ते पटले नाही. मिथक मिथक म्हणून ओळखावे, पण त्याच्या जागी दुसरे काही ठेवता येत नाही, हे त्यांचे मत अधिक टिकाऊ वाटते: अंबरनाथची कथा सोलली तर हाती काय उरणार?

तरीही ‘हा केवळ भाव व्यक्त करण्याचा प्रकार’ असे म्हणून सुटका होत नाही, कारण बोलणाऱ्यालाच ते मान्य नसते. ठाण्याच्या इतिहासात याचा कठोर दाखला आहे. 1321 मध्ये इथे आलेल्या फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाच्या चौघांचा काझीपुढे ख्रिस्त देव की माणूस यावर वाद झाला आणि त्यात चौघांचेही प्राण गेले, असे ओदोरिक या इटालियन प्रवाशाचा वृत्तांत सांगतो. दोन्ही बाजूंच्या लेखी ते वाक्य निरर्थक नव्हते, नुसता भावही नव्हते. याउलट, ख्रिस्ती धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ (1616) मराठी ओवीत रचले तेव्हा ख्रिस्ती स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हाच शब्द वापरला. विष्णूचा पत्ता ख्रिस्ताला दिला, आणि ओवी ऐकणाऱ्याला तो सापडलाही.

एक भेद मात्र पक्का ठेवावा लागतो. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘वशीकरण, करणी, 24 तासांत गॅरंटी’ असे लिहिलेले असते. ही धार्मिक भाषा दिसते, पण असते साधा दावा: मुदतीसह, पैशाच्या बदल्यात, तपासता येण्याजोगा आणि खोटा. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही माणसाला फसवणाऱ्या आणि इजा करणाऱ्या कृत्यांवर बोट ठेवतो. पुराणकथेला हात लावत नाही.

नारळी पौर्णिमेला चेंदणी कोळीवाड्यातून सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत ठाण्याच्या खाडीकडे निघतो. ‘दर्या शांत हो’ हे गाऱ्हाणे हवामानाचा अंदाज नव्हे. पावसाळा सरत आला, वारा मवाळला हे कोळ्याला वेधशाळेइतकेच कळते. ज्याच्या जिवावर जगायचे त्याच्याशी पुन्हा बोलणे सुरू करायची ती वेळ असते. मासेमारीबंदी कागदोपत्री 31 जुलैला उठते, पौर्णिमा पंचांगाप्रमाणे येते. चेंदणीतल्या बहुतेक घरांची रोजी आता मासळीवर नाही. नारळ धरणाऱ्या हातांतले बरेच हात दुसऱ्या दिवशी कचेरीत कीबोर्डवर असतात. गाऱ्हाण्याचे शब्द तेच आहेत, दर्याकडे मागायचे मात्र बदलले आहे.