उडती मोटार : खानदेशाच्या संदर्भात

रस्त्यावर स्वतःच्या चाकांनी धावणारे व हवेत उडणारे वाहन. रस्त्यावर न चालणाऱ्या, जागेवरून सरळ वर उठणाऱ्या विजेवरील ‘हवाई टॅक्सी’लाही वृत्तपत्रे हेच नाव देतात; तो अर्थ येथे गौण मानला आहे.

आरंभाविषयी एकमत नाही. रुमानियन संशोधक त्रायान व्हुया याने १८ मार्च १९०६ रोजी पॅरिसजवळ माँतेसों येथे चाकांच्या सांगाड्यावर घडीचे पंख बसवलेले यंत्र सुमारे १२ मी. उडवले. काही लेखक हीच पहिली उडती मोटार धरतात. इतर काही ग्लेन कर्टिसच्या ‘ऑटोप्लेन’ला (१९१७) तो मान देतात. तिला बंद मोटारीसारखी बैठक होती, पण तिची मजल लहानशा उड्यांपुढे गेल्याचे दिसत नाही. रस्ता आणि आकाश या दोन्ही कसोट्या लावल्यास मोल्टन टेलरची ‘एरोकार’ (१९४९, अमेरिकी प्रमाणपत्र १९५६) अधिक पात्र ठरते. तिचे पंख व शेपूट उतरवून ट्रेलरसारखे मागे ओढून नेता येत. अशा जेमतेम सहा गाड्या बनल्या. स्लोव्हाकियातील ‘एअरकार’ने २८ जून २०२१ रोजी नित्रा ते ब्रातिस्लाव्हा हे अंतर ३५ मिनिटांत कापले, ते जळगाव–धुळे अंतराहून थोडे कमीच भरेल.

मुख्य अडचण वजनाची. धडकेला टिकणारा सांगाडा विमानाला जड होतो आणि विमानाचा हलका सांगाडा रस्त्यावर तग धरत नाही. लिथियम बॅटरीत किलोमागे सुमारे २५० वॉट-तास ऊर्जा मावते, तर पेट्रोलमध्ये सुमारे १२,०००. इंजिनातला अपव्यय वजा केला, तरी तफावत दसपटीहून अधिक उरते. त्यात खानदेशचा उन्हाळा. भुसावळ–जळगावकडे मे महिन्यात पारा ४५° से.पर्यंत चढतो, तेव्हा हवेची घनता १५° से.च्या मानाने सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. उचल कमी मिळते आणि उड्डाणापूर्वीची धाव लांबते.

धावपट्ट्या जळगावजवळ कुसुंबा व धुळ्याजवळ गोंदूर येथे आहेत. गरज मात्र सातपुड्यातल्या धडगाव–तोरणमाळकडे, जिथे घाटातून रुग्ण खाली आणायचा असतो. तिकडे सपाट जागाच दुर्मीळ. चालकाला वैमानिकाचाही परवाना लागतो.

सरळ वर उठणारे वाहन धावपट्टीवाचून चालते, पण त्याच्या हवेचा झोत खाली येतो. रावेर–यावलकडे केळीचे पान साध्या वाऱ्यानेही चिरते आणि मे-जूनच्या वादळात निसवलेली झाडे घडासकट आडवी होतात. अशा बागेच्या बांधावर ते उतरवू देणारा शेतकरी सापडणे कठीण.