पॅरिसला उतरल्यावर आधी बॅग, मग लूव्र
(हॉस्टेलचं बुकिंग केलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

"चेक-इन दुपारी तीनला आणि विमान उतरतं सकाळी सातला. मधले आठ तास आम्ही करायचं काय?"

हा फोन आम्हाला सतत येतो. फोन करणाऱ्यांचं काही बिघडत नाही. पंचाईत होते ती परस्पर ठरवून मोकळे होणाऱ्यांची. तीनपर्यंत हॉस्टेल बंद असणार असं धरून ते बॅगेसकट थेट लूव्र संग्रहालय गाठतात.

हॉस्टेल बंद नसतं. तीन वाजता मिळते ती खाट. बॅगा ठेवायची खोली त्याआधीही वापरता येते, आणि तशी सोय आहे ना, हे विचारल्याशिवाय आम्ही कुठेच बुकिंग करत नाही. रिसेप्शनवर पासपोर्ट दाखवा, नाव सांगा, बॅग आत ठेवा आणि मोकळ्या हातांनी बाहेर पडा. पासपोर्ट, पैसे आणि औषधं मात्र अंगावरच ठेवा, कारण त्या खोलीत इतरांचीही ये-जा असते.

बॅग घेऊन गेलं तर काय होतं, ते मी अनुभवावरून सांगतो. पहिल्या खेपेला मी हेच केलं होतं. एक चाक खिळखिळं झालेली बॅग फरसबंदीवरून खडखडवत एका संग्रहालयाच्या दाराशी नेली. दारावरच्या माणसाने आधी बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही हातांनी हवेत एक छोटा चौकोन काढून दाखवला. फ्रेंच यायची गरजच पडली नाही. हॉस्टेलवर जाऊन परत येईस्तोवर तिकिटावरची वेळ टळून गेली होती.

लूव्रमध्ये 55 × 35 × 20 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. "पण आमची केबिन बॅग आहे," असं बरेच जण म्हणतात. घरीच टेप लावून बघा. विमानात चालणाऱ्या कितीतरी बॅगा 25 सेंटिमीटर जाड असतात. त्या वरच्या पाच सेंटिमीटरांपायी सकाळ जाते. आयफेल टॉवरला सामान ठेवायची सोय नाही आणि नोत्र दाम या जुन्या चर्चमध्येही मोठं सामान चालत नाही. शिवाय मेट्रोच्या बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही, जिनेच जिने आहेत. बॅग उचलून दोन ठिकाणी गाडी बदललीत की लूव्र बघायचा उत्साह तसाही उरत नाही.

म्हणूनच आम्ही पहिल्या दिवशी वेळेचं एकही तिकीट काढत नाही. यावर तक्रार येते: "पैसे भरून पहिला दिवस नुसतं चालायचं?" हो, चालायचं. विमान दोन तास उशिरा आलं, पासपोर्टची रांग लांबली, तरी चालण्याची वेळ टळत नाही. नोत्र दाम बाहेरून बघा. 2019 च्या आगीनंतर ते 8 डिसेंबर 2024 ला पुन्हा उघडलं. आत जायला पैसे पडत नाहीत, फक्त रांगेत उभं राहावं लागतं. तिथून नदीकाठाने पाँ नफवर या. नावाचा अर्थ 'नवा पूल', पण पॅरिसमध्ये उभा असलेला सगळ्यात जुना पूल हाच, 1607 मध्ये पुरा झालेला. तीन वाजले की हॉस्टेलवर जाऊन अंघोळ करा, तासभर पडा. जूनमध्ये तिथे सूर्य मावळायला दहा वाजत येतात, त्यामुळे त्यानंतर मोनमार्त्र टेकडीच्या पायऱ्या चढून गेलात तरी उजेड असतो.

लूव्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. ते मंगळवारी बंद असतं, आणि बुधवारी नि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं. आम्ही शक्यतो या दोन दिवसांतली संध्याकाळ धरतो, तोवर सकाळचे मोठे गट पांगलेले असतात. ऑर्से हे दुसरं संग्रहालय सोमवारी बंद. आम्ही दिलेल्या आराखड्यातले दिवस आपल्या सोयीने अदलाबदल करू नका, असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो ते एवढ्यासाठीच.

"आयफेलजवळचं हॉस्टेल द्या," हीदेखील नेहमीची मागणी. टॉवर एकदा बघून होतो, हॉस्टेलवर मात्र रोज परतायचं असतं. आम्ही जास्त करून गार द्यु नोर स्टेशनच्या आसपास बुकिंग करतो. तो भाग देखणा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण शार्ल द गोल विमानतळावरून आरईआर बी ही गाडी न बदलता तिथे पोहोचते, आणि पुढे दुसरंच स्टेशन साँ मिशेल, म्हणजे नोत्र दामच्या समोर. पत्त्यातल्या पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे शहराचा विभाग. 75010 म्हणजे दहावा.

विमानतळाचं तिकीट वेगळं असतं, मेट्रोच्या साध्या तिकिटावर तो प्रवास चालत नाही. जानेवारी 2025 मध्ये ते 13 युरो झालं. हे दर जानेवारीत बदलतात, तेव्हा निघण्याआधी आमच्याकडून ताजा आकडा घ्या. तिकिटं भरायचं नवीगो ईझी कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं. एकाच कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत.

खोलीतल्या लॉकरसाठी कुलूप घरूनच न्या. आणि पहाटे निघायचं असेल तर सामान आदल्या रात्री भरून ठेवा. आठ जणांच्या खोलीत पहाटे पाचला प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर केवढी मोठी वाटते, ते तिथे झोपल्यावरच कळतं.

शेवटच्या दिवशी हीच चूक उलटी होते. दहा-अकराला खाट सोडायची आणि विमान रात्री, म्हणून लोक बॅग धरून दिवसभर स्टेशनात बसून राहतात. बॅग पुन्हा त्याच खोलीत ठेवा आणि पती पाले किंवा कार्नाव्हाले संग्रहालय बघून या. दोन्हीकडे कायमचा संग्रह मोफत आहे. फक्त सोमवार नको, त्या दिवशी दोन्ही बंद. परतताना बॅग उचलायला हाताशी वेळ ठेवा.

विमानाची वेळ बदलली तर तिकिटं काढायच्या आधी आम्हाला कळवा, आराखडा नव्याने करून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. तिकिटं काढून झाल्यावर कळवलंत तर जे बदलून मिळेल तेवढंच बदलून देता येतं.