केमो सुरू असताना काढा: या चिंतेमागचा इतिहास

पंचवटीतल्या काष्ठौषधींच्या दुकानांतून गुळवेल, अश्वगंधा, हळदीच्या गोळ्या कॅन्सर झालेल्या माणसाच्या घरी पोहोचतात. केमो चालू असते, आणि ‘झाडपाल्याचंच आहे, अपाय काय होणार?’ म्हणून डॉक्टरांच्या कानावर ते कुणी घालत नाही.

मुळात केमोची कित्येक औषधे झाडपाल्याचीच आहेत. सदाफुलीतून 1958 साली कॅनडात व्हिनब्लास्टिन मिळाले. इरिनोटेकान ज्या द्रव्यापासून बनते, ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात असल्याचे 1972 साली दिसले. पुढे त्यापायी या झाडाची बेसुमार तोड झाली. ज्या वनस्पतीत पेशी मारण्याइतका जोर असतो, तिला निरुपद्रवी कसे म्हणायचे?

फळाच्या साध्या रसाचाही औषधावर मोठा परिणाम होतो, हे ध्यानात आले ते अपघाताने. 1989 च्या सुमारास कॅनडात रक्तदाबाच्या गोळीबरोबर ग्रेपफ्रूटचा रस दिला गेला आणि रक्तातले औषध कितीतरी वाढले. (हे फळ पपनसाच्या कुळातले, नाशिकच्या द्राक्षांनी काळजी करू नये.) आतड्यात औषध मोडणारे एंझाइम त्या रसाने अडवले होते.

उलटा प्रकार 2002 साली नेदरलँड्समध्ये दिसला. इरिनोटेकान घेणाऱ्या पाच रुग्णांना नैराश्यावरची सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती दिली, तर औषधाचे प्रभावी रूप रक्तात 42 टक्क्यांनी घटले. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, त्याही कमी घसरल्या. मला यातली सर्वांत भीतीदायक गोष्ट हीच वाटते: घरच्यांना वाटणार, काढा मानवला, प्रत्यक्षात केमोच फिकी पडलेली.

आपल्याकडे त्रिकटूतल्या मिरीवर जम्मूत 1970 च्या दशकात काम झाले. मिरीतले पायपरीन इतर द्रव्ये शरीरात अधिक मुरवते. 1998 मध्ये बंगळुरूत हळदीतल्या कर्क्युमिनचे रक्तातले प्रमाण त्याने वीसपट वाढले, आणि गोळ्यांत मिरीचा अर्क घालायची पद्धत पडली. 2019 च्या एका डच अभ्यासात कर्क्युमिन-पायपरीनने टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरवरच्या औषधाचे प्रभावी रूप सुमारे 12 टक्क्यांनी कमी केले. हा अभ्यास गोळ्यांचा होता, वरणातल्या हळदीचा नव्हे.

करोनाकाळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी, लिव्हरचा रिपोर्ट बिघडला की केमोचा डोस घटवावा लागतो, नाहीतर तारीख पुढे जाते. आणि काढ्याबद्दल कुणी बोललेच नसेल, तर त्याचा दोष केमोवरच टाकला जातो.