गरोदरपणातील काळजी

गर्भ राहण्याच्या आधीच्या काही महिन्यांपासून बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत आई आणि बाळ यांच्या आरोग्यासाठी घेतली जाणारी वैद्यकीय व घरगुती काळजी. यातील बाळंतपणाआधीच्या भागाला वैद्यकात ‘प्रसूतिपूर्व काळजी’ म्हणतात. गरोदरपण हा आजार नव्हे आणि बहुतेक गरोदर स्त्रिया मोठ्या उपचारांविना सुखरूप बाळंत होतात. तरीही धडधाकट बाईने नियमित तपासून घ्यायचे, कारण या काळातले सर्वांत घातक विकार सुरुवातीला काहीच त्रास देत नाहीत. रक्तदाब चढला किंवा रक्तातली साखर वाढली तरी अंगाला ते बहुधा कळत नाही. रक्तक्षयाचा थकवा तर गरोदरपणाच्याच खात्यावर मांडला जातो.

निरोगी वाटणाऱ्या गरोदर स्त्रीलाही तपासावे, ही कल्पना फार जुनी नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरोचे डॉक्टर जॉन विल्यम बॅलंटाइन यांनी १९०१ मध्ये तिचा जोरदार पुरस्कार केला. ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने १९२९ मध्ये भेटींचे वेळापत्रक घालून दिले आणि पुढे जगभर त्याचेच अनुकरण झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये किमान चार भेटी पुरेशा मानल्या होत्या. चारच भेटी झाल्यास बाळ दगावण्याचे प्रमाण काहीसे वाढते असे पुढे दिसल्याने २०१६ मध्ये ही संख्या आठ करण्यात आली : पहिली १२ आठवड्यांच्या आत, मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० व्या आठवड्यात. शेवटी भेटी दाट होतात, कारण रक्तदाबाचे विकार आणि बाळाची वाढ खुंटणे हे प्रश्न बहुतेकदा उत्तरार्धातच डोके वर काढतात.

दिवसांची मोजणी : गरोदरपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि ते २८० दिवसांचे, म्हणजे ४० आठवड्यांचे धरतात. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. त्यामुळे पाळी चुकल्याचे लक्षात येते त्या दिवशी हिशेबाने चार आठवडे होऊन गेलेले असतात. पाळी अनियमित असेल तर ही मोजणी फसते. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून काढलेली बाळंतपणाची तारीख अधिक विश्वासाची असते. तरी याही तारखेवर फार भरवसा ठेवू नये. नेमक्या त्याच दिवशी शंभरातली जेमतेम पाचेक बाळे जन्मतात. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे समजतात.

गर्भधारणेआधी : काळजी घेण्याची सर्वांत मोलाची वेळ दिवस राहिल्याचे कळण्याआधीच निघून जाते. ज्या नळीपासून पुढे मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू बनतो, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही तर बाळाच्या कण्यात किंवा कवटीत गंभीर व्यंग राहते. फॉलिक आम्लाने हा धोका कमी होतो. ज्यांना आधी असे मूल झाले होते अशा स्त्रियांवरील ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यात रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्लाने पुनरावृत्तीचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले होते. इतर बहुतेकींना रोज ४०० मायक्रोग्रॅम मात्रा पुरते. ती गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधी सुरू करून १२ आठवडे चालू ठेवावी. पाळी चुकल्यावर गोळ्या आणणाऱ्याला या लाभाचा मोठा भाग मिळत नाही. मूल हवे असे ठरताच पहिली खरेदी कशाची करावी, तर या गोळ्यांची.

मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणावी, कारण पहिल्या आठवड्यांतील चढ्या साखरेने जन्मजात व्यंगांचा धोका वाढतो. रुबेला म्हणजे जर्मन गोवर. गरोदरपणाच्या सुरुवातीला तो झाल्यास बाळाचे डोळे, कान व हृदय यांना इजा होते. डोळ्यांवरील परिणाम नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञांनी १९४१ मध्ये दाखवून दिला. या रोगाची लस जिवंत विषाणूंची असल्याने ती गरोदरपणात देत नाहीत, किमान एक महिना आधी घ्यावी लागते.

औषधांबाबत वैद्यकाने धडा घेतला तो थॅलिडोमाइडमुळे. १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलेले हे झोपेचे औषध मळमळीवरही दिले जाई. हातपाय खुंटलेली हजारो बाळे जन्मल्यावर १९६१ मध्ये ते मागे घेतले गेले. आज व्हॅल्प्रोएट हे फेफऱ्याचे आणि आयसोट्रेटिनॉइन हे मुरमांचे औषध विशेष धोक्याचे मानतात. मात्र चालू औषध घाबरून परस्पर बंद करणे हीदेखील तेवढीच मोठी चूक ठरते. फेफऱ्याचा झटका, अनियंत्रित दमा किंवा थायरॉईडची कमतरता यांनी औषधापेक्षा अधिक नुकसान होऊ शकते. औषध बदलायचे ते डॉक्टरांशी बोलून आणि शक्यतो दिवस राहण्याआधी.

आहार आणि वजन : ‘आता दोघांचे खायला हवे’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, हिशेबाला मात्र तो टिकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जादा उष्मांकाची जवळजवळ गरज नसते. मधल्या तीन महिन्यांत रोज सुमारे ३४० आणि शेवटच्या तीन महिन्यांत सुमारे ४५० कॅलरी जादा लागतात, म्हणजे एखादे भरपेट मधले खाणे. दुप्पट व्हायला हवा तो अन्नाचा कस. गरोदरपणात रक्ताचे एकूण प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, त्यासाठी लोह लागते आणि ते रोजच्या जेवणातून क्वचितच पुरते. म्हणून रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. हिमोग्लोबिन डेसिलिटरला ११ ग्रॅमपेक्षा खाली गेल्यास रक्तक्षय समजतात. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, बद्धकोष्ठ होतो, आणि गोळी बंद पडते ती बहुधा याच कारणाने. शौचाला काळे होणे निरुपद्रवी असते. चहा-कॉफी व कॅल्शियमची गोळी यांपासून लोहाची गोळी दूर ठेवली की ती अंगी लागते. सोसत नसेल तर प्रकार किंवा वेळ बदलून मिळते.

रक्तक्षयाच्या अभ्यासात लूसी विल्स यांचे नाव अग्रभागी येते. मुंबईतील गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमध्ये आढळणारा एक गंभीर रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलेट, फॉलिक आम्लाचेच अन्नातले रूप, हे नंतर उलगडले.

वजन किती वाढावे हे आधीच्या वजनावर ठरते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ च्या शिफारशीप्रमाणे सर्वसाधारण वजनाच्या स्त्रीचे ११.५ ते १६ किलो, कृश स्त्रीचे १२.५ ते १८ किलो आणि स्थूल स्त्रीचे ५ ते ९ किलो वाढणे योग्य. गरोदरपणात वजन घटवण्याचा आहार करू नये.

टाळायच्या गोष्टींची यादी सांगोवांगीने फार लांबते. पक्का आधार असलेल्या गोष्टी त्यामानाने थोड्या आहेत. दारूची सुरक्षित मात्रा माहीत नाही, म्हणून ती पूर्ण वर्ज्य. तंबाखू कोणत्याही रूपात नको, आणि घरात दुसऱ्याने ओढलेल्या धुराचाही अपाय होतो. न तापवलेले दूध, कच्चे किंवा अर्धे शिजलेले मांस व अंडी यांतून लिस्टेरिया, टॉक्सोप्लाझ्मा, साल्मोनेला या रोगजंतूंचा संसर्ग होतो. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, पण लहान मासे आवर्जून खावेत. कॉफी सोडायला नको, दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीन ही बहुतेक संस्थांनी घालून दिलेली मर्यादा आहे. प्राण्यांचे यकृत (कलेजी) आणि जीवनसत्त्व ‘अ’च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मात्र टाळाव्यात.

मळमळ व उलट्या साधारण सहाव्या आठवड्यापासून सुरू होऊन बहुतेकींना चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतात. थोडेथोडे, वरचेवर खाल्ल्याने बरे वाटते. पोटात पाणीही ठरेना, लघवी कमी व गडद होऊ लागली, वजन उतरू लागले, तर तो वेगळा विकार समजून दवाखाना गाठावा.

हालचाल आणि विश्रांती : काही विशेष कारण नसेल तर आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. चालणे आणि पोहणे उत्तम. बोलता येईल इतपतच दम लागावा. पडण्याचा किंवा पोटावर मार बसण्याचा धोका असलेले खेळ सोडावेत. सक्तीच्या विश्रांतीने अकाली प्रसूती टळते असे सिद्ध झालेले नाही. उलट अंथरुणाला खिळून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपावे. जाग आल्यावर पाठीवर आढळलो म्हणून घाबरायचे कारण नाही, कूस बदलली की झाले. गाडीचा पट्टा पोटाच्या खालून आणि छातीच्या मधून घ्यावा, पोटावरून नाही.

तपासण्या : प्रत्येक भेटीतील सर्वांत मोलाचे उपकरण म्हणजे रक्तदाब मोजण्याचा पट्टा. २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा अधिक रक्तदाब आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाणे हे पूर्वप्रसवाक्षेप (प्रीएक्लॅम्प्सिया) या विकाराचे नेहमीचे चित्र. त्यातून झटके येऊ शकतात, यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्याचा खरा शेवट वार बाहेर पडल्यावर, म्हणजे बाळंतपणानेच होतो. तोवरचा काळ औषधांनी सांभाळावा लागतो. ज्यांना धोका अधिक, अशांना १२ आठवड्यांनंतर ॲस्पिरिनची लहान मात्रा देतात. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे प्रभावी आणि स्वस्त औषध आहे.

पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस व हिपॅटायटिस-बी तपासतात. सिफिलिसवर पेनिसिलिनचा वेळेवर दिलेला डोस बाळालाही वाचवतो. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असल्यास पुढच्या गर्भांना धोका असतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या अँटी-डी इंजेक्शनाने तो जवळजवळ टळला. गरोदरपणातला मधुमेह ओळखण्यासाठी २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ग्लुकोज पाजून चाचणी करतात. बाळाचे अवयव पाहणारी सोनोग्राफी १८ ते २२ आठवड्यांत होते. हे तंत्र ग्लासगोचे इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पुढे आणले. लसींमध्ये धनुर्वाताची लस देतात. डांग्या खोकल्याची लस शेवटच्या तीन महिन्यांच्या सुमारास घेतल्यास तयार झालेली प्रतिद्रव्ये वारेतून बाळाला मिळतात. फ्लूची लस कोणत्याही महिन्यात घेता येते.

धोक्याच्या खुणा : अंगावरून रक्त जाणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, चेहरा व हात अचानक सुजणे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे, ताप, एकाच पायावर सूज, धाप लागणे, ३७ आठवड्यांआधी कळा किंवा पाणमोट फुटणे. यांपैकी काहीही झाले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये, त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, दवाखान्यात जावे. बाळाची हालचाल पहिलटकरणीला साधारण १८ ते २० आठवड्यांत जाणवू लागते. बाळ दिवसाला किती वेळा हलावे याचा सर्वांना लागू असा आकडा नाही. रोजच्या सवयीपेक्षा हालचाल मंदावली हीच खूण पुरेशी. शेवटच्या आठवड्यांत जागा कमी पडते म्हणून बाळ हलत नाही, ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे अनेकदा मदत उशिरा मिळते.

मनाकडे पाहणे : प्रसूतीनंतरचे नैराश्य सर्वांना ऐकून माहीत असते, पण ते पुष्कळदा गरोदरपणातच सुरू झालेले असते. सतत उदास वाटणे, झोप उडणे, बाळाविषयी भीतीचे विचार येणे हे दोन आठवड्यांवर टिकले तर उपचार घ्यावेत. १९८७ मध्ये एडिंबरोत तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली यासाठी जगभर वापरतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आल्यास तो तातडीचा प्रसंग समजावा.

बाळंतपणाची आणि बाळाची तयारी : तयारी म्हटली की कपडे आणि पाळणा डोळ्यांपुढे येतो, पण आधी ठरवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. बाळंतपण कुठे होणार, तिथे रात्री कसे पोचायचे, अडचण आली तर सिझेरियन आणि रक्त कुठे मिळेल, सोबत कोण असेल आणि मोठे मूल असल्यास ते कोणाकडे राहील, हे ३६ आठवड्यांपर्यंत पक्के असावे. कळा सोसताना मनाजोगते माणूस सतत सोबत असेल तर प्रसूती थोडी लवकर उरकते आणि सिझेरियनची वेळ कमी येते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. सरावाच्या कळा येतात आणि विरतात, खऱ्या कळा ठरावीक अंतराने येऊन लांबत व वाढत जातात. बाळ पायाळू असल्यास ते बाहेरून हाताने वळवण्याचा प्रयत्न साधारण ३६-३७ आठवड्यांनंतर करता येतो.

नवजात बाळाला सामान फारसे लागत नाही. मऊ धुतलेले कपडे, लंगोट, पांघरूण आणि झोपायला सपाट, कडक गादी एवढे पुरे. झोपवायचे ते नेहमी पाठीवर. उशी, मऊ खेळणी, सैल गोधडी जवळ नकोत. १९९० च्या दशकात अनेक देशांत हा सल्ला रुजला आणि झोपेतल्या अचानक मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

जन्मानंतर नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी, त्याने बाळाचा लोहाचा साठा वाढतो. बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवून पहिल्या तासात अंगावर घ्यावे. पहिला पिवळसर चीक थोडाच येतो, पण नवजाताच्या इवल्याशा पोटाला तो पुरतो आणि त्यात संरक्षक द्रव्ये भरपूर असतात. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा लागत नाही. बाळाला के जीवनसत्त्वाचे १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन देतात. टाचेतल्या रक्ताच्या थेंबांवर थायरॉईड व इतर काही जन्मजात दोष तपासले जातात. साध्या प्रसूतीनंतरही दवाखान्यात निदान २४ तास राहावे. त्यानंतरच्या तपासण्या ४८ ते ७२ तासांत, मग ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात कराव्यात. त्या आईच्याही असतात. रक्तस्राव, ताप आणि रक्तदाब पाहावा लागतो, कारण पूर्वप्रसवाक्षेप प्रसूतीनंतरच्या दिवसांतही नव्याने उद्भवू शकतो.